कठियाचा अभिमान आणि भक्ताचे दास्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना श्रीकृष्णचक्रवर्तींनी पहिले स्थान अमानित्वाला दिले आहे. अहिंसा, क्षमा, आर्जव ही लक्षणे त्यानंतर येतात आणि आचार्योपासना त्याहीनंतर. हा क्रम सहज घडला असेल असे वाटत नाही. ज्याच्या ठिकाणी मानाची अपेक्षा शिल्लक आहे, त्याची अहिंसा कीर्तीसाठी, क्षमा मोठेपणासाठी आणि आचार्यांची सेवा पुढे आपण आचार्य व्हावे यासाठी होण्याचा संभव असतो. मुळाशीच कीड असेल तर वरची पालवी हिरवी दिसली म्हणून काय उपयोग? याच गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची तीन साधने एकत्र सांगितली आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपल्या मार्गात दंडवत प्रणाम हा दिवसातून कितीतरी वेळा घडतो. प्रश्नही पुष्कळ विचारले जातात. तिसऱ्या साधनाचे मात्र काय होते, आणि ते घडत असता मनात काय चालते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी दृष्टांतपाठातील कठियाचा दृष्टांत घेऊ. दृष्टांतपाठात एकंदर ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची रचना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे, हे जाणत्या वाचकांस विदित आहेच. त्यांपैकी सूत्र आणि दृष्टांत हे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे असून दार्ष्टांतिक केसोबासांचे आहे. केसोबासांसारख्या विद्वानाने आपले शब्द स्वामींच्या शब्दांत कोठेही मिसळू दिले नाहीत. कोणते वचन प्रभूंचे आणि कोणते आपले, याची सीमा त्यांनी ग्रंथाच्या रचनेतच आखून ठेवली. हेही एक दास्यच होय. ग्रंथ वाचताना आपण ते सहसा लक्षात घेत नाही.

दृष्टांताचा आशय थोडक्यात असा. कठिया म्हणजे देवळातील सेवेकरी. तो देऊळ झाडतो, सडासंमार्जन करतो, रांगोळी घालतो. येणारेजाणारे लोक ते पाहतात आणि देवळाची व्यवस्था किती बरवी चालविली आहे म्हणून त्याची वाखाणणी करतात. त्या वाखाणणीतून त्याच्या ठिकाणी अभिमान उपजतो. पूर्वीचे जडत्व सुटले, पण त्याच्या जागी ‘हे मी करतो’ ही नवी अहंता येऊन बसली.

येथे काही गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. कठिया लबाड नाही. त्याने देऊळ खरोखरच झाडले आहे, सडा खरोखरच घातला आहे. लोकांनी केलेली स्तुतीही खोटी नाही. दृष्टांतात कोणीही असत्य बोललेले नाही आणि कोणीही दुष्कर्म केलेले नाही. तरीही कठिया बुडाला. मग त्याचे बिघडले तरी काय? केरसुणी तीच होती, अंगण तेच होते, कष्टही तेवढेच होते. बदलले ते एवढेच की, काल तो देवाच्या देवळात झाडत होता आणि आज तो स्वतःच्या देवळात झाडू लागला. देऊळ मनातल्या मनात हस्तांतरित झाले. त्याची वार्ता देवाखेरीज कोणालाही नाही, बहुधा कठियालाही नाही.

दोषाचा अभिमान आणि गुणाचा अभिमान यांत भेद आहे. जो मनुष्य विषयांत गुंतला आहे, त्याला चारचौघे नावे ठेवतात. कधी लाजेने, कधी भयाने तो मागे फिरू शकतो. परंतु ज्याला सेवेचा अभिमान झाला, त्याला कोण टोकणार? जग त्याची पाठ थोपटते. त्याच्या रोगालाच आरोग्य समजून लोक त्याचे अभिनंदन करतात. म्हणून त्यागाचा अभिमान हा भोगाच्या अभिमानापेक्षा चिवट असतो. गृहस्थाला घरदाराचा अभिमान असतो, तो दीक्षा घेताना घरासह सुटतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात घर सुटते आणि अभिमान झोळीत घालून बरोबर येतो, असेही घडताना दिसते.

आता एक शंका उपस्थित होते आणि ती प्रामाणिक आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे परमेश्वर नित्यमुक्त व परिपूर्ण आहे. त्याला जीवाकडून काहीही मिळवावयाचे नाही. मोक्ष देणे हे केवळ त्याच्या कृपेच्या अधीन आहे. मग जीवाने सेवा करून साधते काय? ज्याला उणीव नाही त्याची भर कशी घालावयाची?

या शंकेचे उत्तर चार पदार्थांच्या विवेचनातच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही परस्परांहून भिन्न आहेत. देवतांच्या ठिकाणी कर्म आणि फल यांचा व्यवहार चालतो. जेवढी क्रिया तेवढे फल, आणि फल भोगून संपले की पुन्हा रिकामे हात. परमेश्वराच्या ठिकाणी असा व्यवहार नाही. तेथे सेवेचे मोल ठरत नाही, कारण घेणाऱ्याला गरज नाही आणि देणाऱ्याजवळ स्वतःचे असे काही नाही. देह, वाणी, बळ, अन्न, ज्यांच्या योगे सेवा करावयाची, त्यांतील जीवाने निर्माण केलेले काय आहे? तेव्हा जो भक्त ‘मी इतकी सेवा केली, आता मला अमुक प्राप्त व्हावे’ असे मनात धरतो, तो नकळत परमेश्वराला देवतेच्या पंक्तीला आणून बसवितो. अन्य देवतांची उपासना सोडली म्हणून आपण स्वतःस अनन्य म्हणवितो. परंतु देवाणघेवाणीची बुद्धी जर तशीच राहिली, तर अनन्यता ओठांवरच राहिली असे म्हणावे लागेल. सेवेने परमेश्वराच्या ठिकाणी काही वाढत नाही; जीवाच्या ठिकाणचे काही झडते, आणि जे झडावयाचे ते नेमके हे कठियापणच आहे. सेवा करीत असता तेच वाढीस लागले, तर औषधानेच रोग वाढला असे होईल.

स्वतः परमेश्वरावतारांनी सेवेची कामे केल्याचे वर्णन आहे, त्याचा अर्थ मात्र निराळा करावा लागतो. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात कोणी कोणते काम पत्करले याची हकीगत श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात आली आहे. भीमसेनाकडे पाकशाळा, दुर्योधनाकडे कोषागार, कर्णाकडे दान, आणि श्रीकृष्णचक्रवर्तींकडे अतिथींचे पाय धुण्याचे काम होते. त्याच यज्ञात अग्रपूजेचा मानही त्यांनाच मिळाला आणि त्यावरून शिशुपालाने दुर्वचनांचा वर्षाव केला. एकाच मंडपात पाय धुणे, अग्रपूजा आणि निंदा ही तिन्ही एकाच मूर्तीच्या वाट्याला आली. कोषागारावर बसलेला दुर्योधन मात्र पांडवांचे वैभव पाहून जळत परतला. महाभारताच्या द्रोणपर्वातील प्रसंगही असाच आहे. जयद्रथवधाच्या दिवशी घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले, तेव्हा रणभूमीच्या मध्यभागी अर्जुनाने जलाशय निर्माण केला आणि श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि पुन्हा रथास जोडले. सारथ्य पत्करले म्हटल्यावर त्यात घोड्यांचा खराराही आला.

परंतु हे प्रसंग आपण ‘थोरांनीही हलकी कामे करावीत’ अशा उपदेशासाठी वापरतो, तेथे थोडी सावधगिरी हवी. अवताराची सेवा ही साधना नव्हे. त्याला काही झाडावयाचे नाही, काही मिळवावयाचे नाही. ती निखळ कृपा आहे. जीवाने त्याचे अनुकरण ‘मीही मोठा असून पाय धुतो’ अशा भावनेने केले, तर त्यात पाय धुतले जातील, अभिमान धुतला जाणार नाही. वर्षातून एकदा, सर्व मंडळी जमली असता, हातात केरसुणी घेऊन अंगणाचा एक कोपरा झाडणारे पुढारी आपण पाहतोच. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते अंगण कोण झाडते, त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. मला विचाराल तर दास्याचा अभ्यास त्या अनाम माणसाकडे जाऊन करावा.

आपल्या परंपरेतील निष्काम सेवेचे सर्वांत कठोर प्रकरण श्रीक्षेत्र ऋद्धिपूर येथे घडले. त्याकडे केवळ भावुकतेने पाहिले जाते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

सर्वज्ञांच्या सन्निधानात भक्तजनांनी जी सेवा केली, तिचे स्वरूप लीळाचरित्रात पदोपदी दिसते. मर्दना, मादने, पूजा, आरोगण, गुळळा, विडा, पहुड, असा दिवसाचा क्रम. बाइसांनी तो किती निष्ठेने सांभाळला हे सर्वश्रुत आहे. ही सेवा कष्टाची होती, पण तिच्यासोबत एक मोठा लाभ होता. स्वामी बोलत असत. भक्तांच्या शंका घेत, निरूपण करीत, कधी दृष्टांत सांगत, चुकल्यास सुधारीत. सेवा करणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे कळत असे.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर श्रीनागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा प्रभृती भक्तजन त्यांच्याच आज्ञेप्रमाणे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात गेले. श्रीप्रभूंनी इ. स. १२८७-८८ च्या सुमारास देहत्याग केला. तोपर्यंत सुमारे १४ वर्षे ही सेवा चालली. श्रीप्रभूंची लीळा ही लौकिकास वेड्यासारखी दिसणारी. ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते खात, मुलांप्रमाणे खेळत, ज्यांना समाज अस्पृश्य मानी त्यांच्या घरीही जात. आता एक मागावे आणि ते आणताच टाकून द्यावे. कधी रागे भरावे, कधी मारावे. निरूपण नाही, उपदेश नाही, ‘बरे केले’ असा शब्दही मिळेलच असे नाही. स्वामींच्या मुखातून अहोरात्र ब्रह्मविद्या ऐकलेल्या या मंडळींनी येथे काय केले असेल? आणलेला पदार्थ नाकारला गेला तर दुसरा आणावयाचा. तोही नाकारला गेला तर तिसरा. का म्हणून विचारावयाची सोय नाही. आपली सेवा पोहोचली की नाही, हे कळण्याचे साधनच नाही.

विचार केला म्हणजे असे दिसते की, कठिया ज्यामुळे बिघडला ते कारणच ऋद्धिपुरात शिल्लक ठेवलेले नव्हते. तेथे वाखाणणी करणारा कोणी नव्हता. येणारेजाणारे लोक, ‘हे शहाणेसुरते लोक या राउळाच्या मागे काय लागले आहेत!’ असेच म्हणत असतील. ज्या सेवेला समज नाही, कौतुक नाही, निश्चित फळ नाही, ती वर्षानुवर्षे करीत राहणे हा दास्याचा अभ्यासक्रम होता. स्वामींनी आपल्या भक्तांना निरूपणानंतर याच शाळेत का पाठविले, हे यावरून काहीसे उमगते. आधी ज्ञान दिले, मग त्या ज्ञानाचा अभिमान उतरण्याची सोय केली.

याच सेवेतून महदाइसांचे धवळे जन्मास आले, हेही ध्यानात घ्यावे. श्रीप्रभूंना विवाहाच्या खेळाची प्रवृत्ती झाली, तेव्हा त्या प्रसंगी गावयाचे म्हणून श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची ही गीते रचली गेली. आज वाङ्मयाचे इतिहासकार महदाइसांना मराठीतील आद्य कवयित्री म्हणून गौरवितात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या माउलींना आपण काव्य करीत आहोत असे वाटले असेल काय? प्रभूंना गाणे हवे होते, त्यांनी गाणे दिले. आणखी कोणी पाणी मागितल्यावर पाणी दिले असेल. दोन्ही एकाच तोलाच्या गोष्टी होत्या.

विद्येचा अभिमान हा कठियाच्या अभिमानाचाच थोरला भाऊ. या बाबतीत केसोबासांचा स्मृतिस्थळातील प्रसंग प्रसिद्ध आहे. केसोबास संस्कृतचे अधिकारी पंडित. त्यांच्या संस्कृत रचनेला भटोबासांनी आडकाठी केली. त्यांचे कारण एवढेच की, संस्कृतात लिहिले तर आपल्या मार्गातील म्हाताऱ्या बाया वंचित होतील. या प्रसंगाचा उपयोग आपण मराठीच्या अभिमानासाठी पुष्कळ केला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ऋद्धिपुरात मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले, तेव्हा तो पुन्हा पुन्हा सांगितला गेला. त्यात वावगे काही नाही. पण मूळ प्रसंगात भाषेचा अभिमान नाही, त्या म्हाताऱ्यांची काळजी आहे. आणि केसोबासांच्या बाजूने पाहिले तर आयुष्यभर कमावलेले शस्त्र म्यान करण्याची गोष्ट आहे. काशीपर्यंतच्या पंडितांत जी भाषा मान मिळवून देते, ती बाजूस ठेवून अक्षरओळख नसलेल्या वृद्धेला समजेल असे लिहावयाचे. सेवा म्हणजे आपल्याला जे उत्तम येते ते देणे, असे आपण समजतो. पुष्कळदा घेणाऱ्याला जे लागते ते देणे म्हणजे सेवा असते, आणि तेथे आपली उत्तमता अडचण होऊन बसते.

म्हाइंभटांचे चरित्रही याच अंगाने वाचावे. ते सर्वज्ञांकडे आले ते वादात जिंकण्याच्या हेतूने, हे सर्वांस ठाऊक आहे. कशामुळे ठाऊक आहे? लीळाचरित्रात ते लिहिलेले आहे म्हणून. इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरी वाजेश्वरीत बसून ज्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला, ते म्हाइंभटच. आपल्या गर्वाची आणि पराभवाची हकीगत गाळून टाकणे त्यांच्या हाती होते. त्यांनी ती राहू दिली. लीळा जमविण्यासाठी हा श्रीमंत घरचा शास्त्री गावोगाव हिंडला, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्यापाशी बसला आणि त्यांनी सांगितलेले भटोबासांपुढे ठेवून पारखून घेतले. पुढील पोथ्यांतून एकाच लीळेच्या निरनिराळ्या वासना नोंदलेल्या आढळतात, कोणाची स्मृती कशी हे सांगितलेले असते. ‘मी म्हणतो तेच खरे’ असे म्हणणाऱ्याच्या परंपरेत अशी नोंद टिकली नसती.

नम्रता म्हणजे कोणापुढेही मान तुकविणे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला, तेव्हा पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही. तेथे नम्रपणाने ससा परत करणे हा अधर्म झाला असता. भटोबासांनी केसोबासांस अडविले तेही कठोरपणानेच. स्वतःच्या मानासाठी ताठ राहणे निराळे आणि शरणागतासाठी किंवा सत्यासाठी ताठ राहणे निराळे. ही ओळख ज्याला नाही, त्याची नम्रता बहुधा भित्रेपणाच असते.

असन्निधानात स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही साधने आपल्यासाठी ठेवलेली आहेत. तेव्हा दास्याची संधी गेली असे कोणी म्हणू नये. अडचण निराळी आहे. सूत्रपाठातील आचारप्रकरणात स्वामींनी कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये असे सांगितले, त्याच्या कारणांत विषयांच्या विपुलतेबरोबरच एक कारण असे दिले आहे की, तेथे तपस्व्यांना मान मिळतो. मान मिळतो म्हणून जाऊ नये! चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, देशाच्या शेवटी झाडाखाली राहून जन्म घालवावा, ही सर्व आज्ञा त्याच धोरणाची आहे. आता आपण विचार करावा की, ज्या मानाच्या भयाने एक अख्खा प्रदेश वर्ज्य केला, तो मान आज आपल्याच आश्रमात येऊन राहिला असेल, तर जावयाचे कोठे? आसन कोणाचे उंच, नाव कोणाचे आधी छापावयाचे, पंगतीत पहिले पान कोणापुढे, यावरून जेथे मने दुखावतात, तेथे कानडदेश काही दूर नाही.

वासनिकांनीही हे केवळ भिक्षूंपुरते आहे असे समजू नये. स्थानाच्या जीर्णोद्धारास द्रव्य देणे ही उत्तम सेवा आहे. त्या द्रव्याबरोबर नावाची संगमरवरी पाटी बसवावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पाटी लावणे हे पाप आहे असे माझे म्हणणे नाही. हिशेबाला आणि पुढील पिढीच्या माहितीला तिचा उपयोगही होतो. पण पाटी बसविण्यास विलंब झाला म्हणून ज्याने स्थानाकडे येणे सोडले, त्याने कठियाचा दृष्टांत पुन्हा एकदा वाचावा. आणि ज्या व्यवस्थापकांनी दात्यापुढे पाटीचे आमिष ठेवले, त्यांनी तो दोनदा वाचावा. कारण कठियास बिघडविणारे ते येणारेजाणारे लोक दृष्टांतात निर्दोष असतीलही, येथे ते तसे नाहीत.

जुन्या आश्रमांतून आजारी आणि वृद्ध भिक्षूंची शुश्रूषा कोणी करावयाची, हा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत चालला आहे. निरूपणाला बसावयास पुष्कळ तरुण आहेत. रात्री दोन वाजता उठून, ज्याची स्मृती गेली आहे अशा वृद्ध तपस्विनीचे अंथरूण बदलावयास फारच थोडे. ती माउली सेवा करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवीत नाही. कधी रागे भरते, दिलेले अन्न लोटून देते, काल काय केले ते आज तिला आठवत नाही. ऋद्धिपुरातील त्या १४ वर्षांचे वर्णन वाचून ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांनी त्या खोलीचे दार एकदा उघडून पाहावे. आत केरसुणी आहे, पाण्याची कळशी आहे आणि पाहणारे कोणी नाही.